मागच्या सीटवरचं पोतं

माझ्या शेजाऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका पोत्याशी बोलत होते.

फुलसावंगीच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. घराच्या दोन खोल्या माझ्या, दोन त्यांच्या आणि पुढचा ओटा दोघांत मिळून. आषाढाची झड लागलेली. ओट्याखाली मोटारसायकल उभी होती, तिच्या मागच्या सीटवर ज्वारीचं भरलेलं पोतं दोरखंडानं करकचून बांधलेलं, आणि त्या पोत्यावर काळी घोंगडी पांघरलेली. रेनकोट घातलेला एक उंच, किडकिडीत माणूस मागं वळून पोत्याला सांगत होता, "घट्ट धर वं. भिऊ नको. उताराले ब्रेक नाही लावत मी."

मग त्यांनी किक मारली आणि महागावच्या वाटेनं चिखलात निघून गेले. परत आले तेव्हा माणूस कोणता आणि चिखल कोणता हे ओळखू येत नव्हतं. पोतं मात्र घोंगडीखाली बऱ्यापैकी कोरडं होतं. ओट्यावर चढता चढता माझ्याकडे पाहून म्हणाले, "नवे मास्तर काय? या या. आज पुन्हा घसरलो. पण पोतं नाही पडू देल्लं."

मी 'हो का' म्हणून दार लावून घेतलं. वेड्याच्या शेजारी बिऱ्हाड थाटलं, आता बायकोला आणावं की नाही, याचा विचार करत मी त्या दिवशी चुलीपुढे बसून राहिलो.

ते सरकारी गुराढोरांचे डॉक्टर होते. गाव तोंडावर 'डॉक्टरसाहेब' म्हणे आणि पाठीमागं 'पोतेवाले'. सत्तावन-अठ्ठावनचा काळ. गावात मोटारसायकल ती एकच. महागावपर्यंतची वाट म्हणजे गाडवाट, काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा, आणि पावसाळ्यात ती चपलेला धरायची ती चपलेचा अंगठा तोडूनच सोडायची. या वाटेनं मागं माणूस बसवून, भर पावसात, न घसरता महागावच्या दवाखान्यात पोचता आलं पाहिजे, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. दुसरी इच्छा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाही.

असं का, ते मला समोरच्या डोमाजीनं सांगितलं. डोमाजी म्हातारा शेतकरी, बोलायला लागला की विडी विझून जाई तरी थांबत नसे. पण ही गोष्ट त्यानं थोडक्यात सांगितली.

डॉक्टरांची बायको पहिलटकरीण होती. पोळ्याच्या दिवशी तिला कळा लागल्या आणि काहीतरी बिघडलं. आता पोळा म्हणजे बैलांचा दिवस. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकून 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' म्हणून बैलांनाच आमंत्रण द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी काही झालं तरी त्यांच्या मानेवर जू ठेवायचं नाही. वर्षानुवर्षं पाळलेली ही रीत आमच्या डॉक्टरांनी तर अंगातच भिनवून घेतली होती. पोळ्याच्या तोरणाखाली ते स्वतः उभे राहत आणि एकेका बैलाची मान चाचपत. ज्याच्या मानेला जुवाचा घट्टा दिसे त्याच्या मालकाला भर गावात फैलावर घेत. "वर्षभर वापरता, एक दिवस तं जनावराले त्याची मान परत करा!" असं ते ओरडत. लोक खाली माना घालून ऐकत.

"म्या म्हटलं, सायेब, बैलं जुंपतो," डोमाजी सांगत होता. "पाप लागलं तं मले लागू द्या. बाई मोठी का पोळा मोठा? तं म्हणे, नाही डोमाजी. मी गावाले बोलतो अन् मीच जुंपू? माह्यी फटफटी हाये ना, नवीकोरी. गाडीच्या आधी पोचतो म्हणे."

मोटारसायकल खरोखरच नवी होती. नागपूरहून आणून महिना झालेला, टायर कंपनीनं बसवून दिलेले तेच. नाल्याच्या उतारावर मागचं चाक बाजूला सरकलं आणि दोघं खाली गेली. डॉक्टरांना खरचटलंही नाही. बाई उठली नाही. सगळं गाव पोळ्याच्या तोरणाजवळ, वाटेनं चिटपाखरू नाही. ते तिला उचलून नाल्याचा चढ चढायला जात आणि पुन्हा घसरत. तोरण तुटून पोळा फुटल्यावर बैल घेऊन घरी चाललेल्या लोकांनी त्यांची हाक ऐकली, बाज आणली. तोवर बाई गेली होती. बाळही पोटातच गेलं.

"त्यानंतर हे पोतं," एवढं म्हणून डोमाजीनं विडी पुन्हा पेटवली.

मी घरात आलो. ओट्याच्या पलीकडून डॉक्टरांच्या खोलीतून काहीतरी चिरल्याचा आवाज येत होता, म्हणून डोकावून पाहिलं. जनावराचे वाढलेले खूर तासायची त्यांची सुरी होती, आणि तिनं ते मोटारसायकलीच्या टायरवर खोल चिरा पाडत बसले होते. मला हसू आलं नाही.

कंपनीच्या टायरविषयी त्यांच्या मनात जो राग होता तो माणसाविषयी असावा तसा होता. त्या टायरवर लांबच लांब बारीक रेघा असत. कोरड्या सडकेवर तो टायर झकास चाले, हे ते कबूल करत. पण काळ्या मातीत चार हात गेलं की त्या रेघा चिखलानं बुजून जात, चाक गुळगुळीत होई, मग मडगार्डात चिखलाचा गोळा दाटून चाक फिरायचंच थांबे. "याची चूक नाही मास्तर," असंही ते कधी कधी म्हणत. "हा बिचारा डांबरी सडकेसाठी जन्मला. त्याले इथी आणलं कोनं? म्या आणलं."

त्यांनी काय करून पाहिलं नाही! टायरला सुंभ गुंडाळून पाहिला, तो पहिल्याच शेताच्या बांधाशी तुटून चाकात अडकला. साखळी बांधून पाहिली. हवा कमी करून पाहिली. ती युक्ती थोडी लागू पडली. पुढचं मडगार्ड काढून टाकलं, तेव्हापासून त्यांच्या तोंडावर कायम चिखलाचे शिंतोडे असत आणि गावातली पोरं त्यांना पाहून पळत. सुरीनं कापलेला टायर तर मधोमध फुटला. दर खेपेला पोतं मागं बांधलेलं असेच. रिकाम्या गाडीवर टायर पाहिला तर त्याला ते पाहिलंच म्हणत नसत. "एकटा माणूस कसाही जाते. मागं कोनी बसलं की खरा टायर समजते."

शेवटी जनावरांचा डॉक्टर तो जनावरांकडेच गेला. एका सकाळी शाळेत जाताना मी पाहिलं, नाल्याकाठच्या चिखलात हे गुडघे टेकून बसलेले आणि नाक जवळजवळ जमिनीला.

"काय हरवलं?" मी विचारलं.

"मास्तर, म्हैस काहून घसरत नाही?"

मी मराठी आणि गणित शिकवणारा माणूस. मी काय सांगणार?

"हे पाहा. पाय टाकला की तिचा खूर फाकते. उचलला की मिटते. मधातला चिखल तिथीच राह्यते, तिच्यासंगं येत नाही. घोडा पाहा, गाढव पाहा, त्यायचा खूर अखंड. ते घसरते." त्यांनी हात झटकले. "आपल्याले चिखल धरणारा टायर नको. चिखल सोडणारा पाह्यजे."

त्यानंतर आमच्या ओट्यावर म्हशीच्या, बैलाच्या, शेळीच्या पावलांचे वाळलेले ठसे ओळीनं मांडले गेले. ऊन पडलं की ते शेतातून ठसा धरलेलं मातीचं ढेकूळ खुरप्यानं अलगद कापून आणत. तोवर माझी बायको आली होती. तिनं पहिल्या दिवशी ओटा सारवायला घेतला आणि एक ठसा फोडला. डॉक्टरांचा चेहरा असा उतरला की ती पुढं कधीही त्या बाजूला सारवायला गेली नाही. मला मात्र तिनं ऐकवलं, "माणसं ओट्यावर तुळस ठेवतात, तुमच्या शेजाऱ्यांनी म्हैस ठेवली आहे." तरी संध्याकाळी भाकरी मात्र तिसऱ्या माणसाची होऊ लागली, आणि ती कुणी करायला सांगितली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत ते मला नेरला घेऊन गेले. तिथल्या बाजारपेठेत एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. सगळे त्यांना चाचा म्हणत. एस. टी.त डॉक्टरांच्या मांडीवर एक गाठोडं, मला वाटलं फराळाचं असेल. चाचांच्या पुढ्यात ते उघडलं तर आत म्हशीचं पाऊल.

"डॉक्टरसाब, ये क्या? मट्टी?" चाचा म्हणाले.

"असा टायर पाह्यजे मले."

चाचांनी ढेकूळ फिरवून फिरवून पाहिलं. "भैंस का टायर कोई कंपनी नहीं बनाती, साब," असं म्हणून ते हसले. बाकीची माणसंही हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते उकिडवे बसून मातीवर बोट फिरवत सांगू लागले, रबराचे मोठे मोठे गट्टू पाहिजेत, एकमेकांपासून दूर दूर, मधली जागा रिकामी, की चाक फिरलं की चिखल आपोआप गळून पडेल. त्यांचा आवाज इतका कळकळीचा होता की चाचांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "पीछे कौन बैठता है साब?"

डॉक्टर ढेकूळ गाठोड्यात बांधू लागले. मीच म्हणालो, "कुणी नाही. पोतं."

"फौज की पुरानी गाड़ियों का माल आते राह्यते नागपूर में," चाचा म्हणाले. "पाह्यतो तुमच्यासाठी. पर पक्की सडक पे वो टायर रोयेगा, हां! गाडी थरथर करेगी."

"रडू द्या," डॉक्टर म्हणाले. "मले पक्क्या सडकेचं काय करायचं हाये?"

टायर यायला पुढचा उन्हाळा उजाडला. वाट वाळली की गावापर्यंत येणाऱ्या एस. टी.च्या टपावरून टायर उतरवले तेव्हा सारं गाव पाहायला जमलं. गट्टू असे जाडजूड, की पोरं त्यांच्या खाचांत मुठी घालून पाहत. ते बसवल्यावर गाडी चालली की दूरवरून गुणगुणल्यासारखा आवाज येई आणि माझी बायको म्हणे, "भाऊजी आले, ताट वाढते." पावसाळ्यात पोतं त्या टायरवरून वाटेनं जाऊ येऊ लागलं. घसरणं कमी झालं. मग जवळजवळ बंद झालं. तरी ते समाधानी दिसत नसत. पोतं ते पोतं, असं म्हणत. "ते भीत नाही मास्तर. ते हलत नाही. तिचा तोल गेलता, भिऊन."

पोळ्याच्या दिवशी ते गावात दिसत नसत. तोरणाखाली उभं राहणं बायको गेली त्या वर्षापासून सुटलं ते सुटलं. दार आतून लावून बसायचे. माझी बायको खिडकीतून पुरणपोळीचं ताट सरकवी, ते संध्याकाळी जसंच्या तसं परत येई. बदलीचा हुकूमही आला होता मध्ये. वरच्या साहेबाला भेटून त्यांनी तो रद्द करून घेतला. "ही वाट एकदा जमली पाह्यजे, मंग जाइन कुठीही," असं मला म्हणाले. पुढं ते खरोखरच गेले, भंडाऱ्याकडे कुठंतरी, आणि वारल्याचंही मला फार उशिरा कळलं. पण ते का गेले, ते सांगायचं तर त्या एका पोळ्याविषयी सांगायला हवं.

माझ्या बायकोला दिवस गेले होते. पोळा झाला की तिला माहेरी अमरावतीकडे न्यायचं ठरलं होतं. डॉक्टर सारखे म्हणत, "आधी न्या, आधी न्या." त्यांचं ऐकलं तर बाईनं सारा पावसाळा माहेरीच काढायचा, असं आम्ही हसत म्हणायचो. पण कळा पोळ्याच्या सकाळीच सुरू झाल्या. सुईण आली, तिनं पोट चाचपलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "मास्तर, लेकरू पायाळू हाये. माह्याच्यानं होत नाही. दवाखान्यात न्या, लवकर न्या."

बाहेर पाऊस होता. गावात ठिकठिकाणी बैल सजत होते, घुंगुरांचे आवाज येत होते. मी डॉक्टरांचं दार वाजवलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता मोटारसायकल काढतील. पण ते अनवाणीच पावसात धावत डोमाजीच्या गोठ्यात गेले. डोमाजी बैलांच्या शिंगांना बेगड लावत होता. पाठीवर झूल चढलेली, कपाळाला बाशिंग. डॉक्टरांनी त्या म्हाताऱ्याचे पाय धरले.

"जुंप गा डोमाजी. मागच्या खेपेस मी नाही म्हटलं. आज मीच म्हणतो."

डोमाजीनं बाशिंग सोडलं, झूल उतरवली, आणि हात जोडून बैलांच्या पाया पडला. मग जू त्यांच्या मानेवर ठेवलं. शेजारचे दोघे-तिघे पाहत उभे होते, पण कुणी अडवलं नाही.

"मग मोटारसायकल?" मी विचारलं.

"दोन्ही नेतो. मी पुढं, गाडी मागून. घसरलो तं या खेपेस मागून कोनी तरी येत राह्यलं पाह्यजे." मग ते माझ्या बायकोपुढे आले आणि खाली पाहत म्हणाले, "वहिनी, फटफटी लवकर पोचते. पण माह्या मागं बसायची भीती वाटत असंन तं गाडीत बसा. मले राग नाही."

ती बाजेच्या कडेला धरून उभी होती, ओठ चावत. म्हणाली, "इतकी वर्षं पोतं बसलं भाऊजी, मी का नाही बसणार?"

त्यांनी पोतं सोडलं. घोंगडी तिच्या अंगावर पांघरली. ती मध्ये, तिला धरून मी मागं. सुईण डोमाजीच्या गाडीत गोधड्या घेऊन बसली.

ती वाट मी जन्मात विसरणार नाही. चाकांतून चिखलाचे गोळे सुटून माझ्या पाठीवर, मानेवर आदळत होते. बायकोची नखं डॉक्टरांच्या कमरेत रुतलेली. एकेक कळ आली की ते गाडी हळू करत, कळ ओसरली की पुढं काढत, जणू कळ त्यांनाच येत होती. नाल्यापाशी थांबले. एकटेच उतरून उतार पाहून आले, पाणी पाहून आले. तिथं एका जागी क्षणभर उभे राहिले, ती कोणती जागा ते मला कुणी सांगायला नको होतं. परत येऊन बसले, आणि मागं न वळता म्हणाले, "घट्ट धर वं. भिऊ नको. उताराले ब्रेक नाही लावत मी."

"धरलंय," माझी बायको म्हणाली.

मी डोळे मिटले. मागचं चाक एकदा हललं, गट्टू रुतले, आणि गाडी उतरली, पाण्यातून गेली आणि समोरचा चढ चढली. डॉक्टर थांबले नाहीत. पण त्यांचे खांदे हलत होते आणि ते पावसामुळे नव्हतं.

महागावच्या दवाखान्यात नर्सबाईनं बायकोला आत नेलं, दार लावलं. मी पडवीत बसलो. डॉक्टर आत आले नाहीत. पाऊस थांबला होता. मोटारसायकलीपाशी बसून ते खुराच्या सुरीनं गट्टूंमधला चिखल काढत होते, आणि इतक्या वर्षांत मी प्रथमच त्यांना आनंदात पाहत होतो. "धरलं मास्तर. पाह्यलं ना तुमी? एकदाही नाही सुटलं!" असं ते पुन्हा पुन्हा मला ओरडून सांगत. आतून बायकोचा आवाज येई, की ते चूप होत. मग पुन्हा सुरी चाले.

दिवेलागणीला घुंगुरांचा आवाज आला. डोमाजीची गाडी दवाखान्याच्या आवारात शिरली. बैल पोटापर्यंत चिखलात भरलेले, शिंगांचा रंग गळ्यापर्यंत ओघळलेला. डोमाजीनं उडी टाकून मला विचारलं, "झाली काय जी मोकळी बाई?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"म्हणजे वेळेवर आलो."

डॉक्टर सुरी हातात घेऊन उठले. "डोमाजी, नाल्यात नाही अडली गाडी?"

"अडली ना जी थोडी. पण बैलायनं ओढली. हळू आलो, पण आलो ना."

डॉक्टर सुरी ठेवून बैलांकडे वळले. थोड्याच वेळात आत लेकरू रडलं. नर्सबाई दार उघडून म्हणाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी बायकांसारखा रडलो, त्याची मला आजही लाज वाटत नाही. डोळे पुसून मी डॉक्टरांना सांगायला धावलो.

ते बैलांपाशी होते. डोमाजीनं जू उतरवलं होतं, आणि जिथं जू बसलं होतं तिथं एका बैलाच्या मानेवरून ते तळहात फिरवत होते.

"डॉक्टरसाहेब, मुलगी! दोघी बऱ्या आहेत. तुमच्या टायरनं वाचवलं हो!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मघाचा आनंद चेहऱ्यावर कुठंच नव्हता.

"टायरनं नाही मास्तर," ते म्हणाले. "बैलंही पोचले होते. वेळेच्या आत पोचले."

मला तेव्हा कुठं कळलं, इतकी वर्षं हा माणूस टायर का शोधत होता. टायर वाईट होता म्हणून ती गेली, एवढ्या एका समजुतीवर तो जगत आला होता. डोमाजीला 'नाही' म्हटल्याची आठवण त्यानं त्या समजुतीखाली दाबून ठेवली होती.

"दोन्ही पोचले," ते पुन्हा म्हणाले.

मग मोटारसायकलीवर वाळत टाकलेली घोंगडी त्यांनी काढून आणली आणि घामानं भिजलेल्या त्या बैलाच्या पाठीवर पांघरली.